रविवारचे कोरडे टॉवेल

१

दोष हाल्वारचा होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण होल्मनेस गावात नंतर ज्याने त्याने आपापल्या सोयीचं सांगितलं. कुणी नशीब म्हणालं, कुणी वय म्हणालं, कुणी म्हणालं त्या बाईच्या घराण्यातच होतं. तसलं काही नाही. जी वस्तू कापून भंगारात टाकायची, ती हाल्वारने टाकली नाही.

हाल्वार म्हणजे स्टेलानच्या आईचा बाप. त्र्याहत्तर वर्षांचा, ओठाखाली कायम तंबाखूची चिमूट. जन्म लाकूडगिरणीत फिटरकी करण्यात गेला आणि निवृत्त झाल्यावर गावच्या नेमबाजी मंडळाच्या तळघरात त्याने आपलं बाकडं मांडलं. तिथे कॉफीचे रिकामे डबे ओळीने लावलेले. एकात वाकडे खिळे, एकात अर्ध्या बिजागऱ्या, एकात कुलपं हरवलेल्या किल्ल्या. हे कशाला ठेवलंस विचारलं की एकच उत्तर, “असलेलं बरं.” ती अख्खी पिढीच तशी. युद्धाच्या टंचाईत संसार केला म्हणे. युद्ध संपून त्रेचाळीस वर्षं झाली, ह्यांची टंचाई काही संपत नाही.

स्टेलान वीस वर्षांचा. सतराव्या वर्षी शाळा सोडली आणि त्याच गिरणीत फळ्या रचायला लागला. त्याला आयुष्यात एकच गोष्ट बरी यायची, तीनशे मीटरवरच्या कागदात भोकं पाडणं. रायफल होती १९११ सालची, सैन्याने मोडीत काढून मंडळांना वाटलेल्यातली. लाकूड छान, काडतूस आत सारणारा बोल्ट छान, नळी मात्र संपलेली. आतले पीळ इतके झिजले होते की गोळी फिरत जायच्या ऐवजी गडगडत जायची आणि कागदावर गोल भोकाऐवजी आडवी चीर पाडायची.

“ही आता शिट्टी म्हणून वाजव,” हाल्वार नळीतून उजेडाकडे बघत म्हणाला.

“मग बदल ना.”

“बदल ना म्हणे! शाळा सोडताना घाई, इथेही घाई.”

नवी नळी मार्चमध्ये आली. हाल्वारने जुनीला लाकडी ठोकळ्यांत राळ लावून बाकड्यावरच्या शेगड्यात, त्या लोखंडी पकडीत, आवळलं आणि बोल्टच्या घराला लांब दांड्याचा पाना लावला. सत्त्याहत्तर वर्षं आटे हलले नव्हते. तीन दिवस तेल सोडलं, दिव्याने शेकलं, दोघांनी मिळून दांड्यावर भार टाकला. असं जुनं जोडकाम सुटताना कडकन आवाज होतो, कान त्याचीच वाट बघत असतात. आवाज झालाच नाही. पलीकडून कुणीतरी घट्ट धरलेलं अचानक सोडून द्यावं, तशी नळी सुटली आणि दोघं भिंतीवर जाऊन आदळले.

“निघाली,” हाल्वार म्हणाला.

नवी बसवायला आठवडा गेला. तपासायच्या पोलादी नकली काडतुसांपैकी ज्या मापावर बोल्ट बंद व्हायला हवा त्यावर झाला, ज्यावर व्हायला नको त्यावर झाला नाही. काम चोख होतं. म्हाताऱ्याचे हात कधी चुकले नाहीत, चुकलं ते डोकं. मंडळाच्या वहीत त्याने लिहिलं, ‘जुनी नळी कापून नष्ट केली.’ मंडळाचा सेक्रेटरी आल्गोत, त्याने न बघता खाली सही ठोकली. आणि ती पाऊण मीटर लांबीची नळी घासूनपुसून हाल्वारने आपल्या लेकीच्या स्वयंपाकघरात चुलीशेजारच्या भिंतीवर दोन खुंट्यांवर ठोकली. टॉवेल वाळत घालायला.

“बघ गुनेल, कधी गंजायची नाही,” तो म्हणाला. “आणि पुढे टोकावर हा नेम धरायचा उंचवटा, माशी, आहे ना, तिला चहाची गाळणी अडकव.”

आईला ती आवडली. एवढंच झालं.

२

एप्रिलपासून दर रविवारी सकाळी स्टेलान तळ्याला वळसा घालून सायकलने मैदानावर जायचा. मैदान तळ्यापलीकडे, घरापासून सरळ रेषेत दोन किलोमीटर. आल्गोत निशाणाखालच्या खंदकात बसायचा आणि गोळी लागली तिथे काठीवरची लाल चकती धरून दाखवायचा.

पहिल्याच रविवारी चकती मधोमध आली. मग परत. मग परत. दहाव्या गोळीनंतर खंदकातून टेलिफोन आला.

“अरे, तू एकाच भोकातून सगळ्या घालतोयस का मला म्हातारचळ लागलाय?” आल्गोतने विचारलं.

“दोन्ही.”

“माजलास. शंभरात अठ्ठ्याण्णव. आपल्या मैदानावर चौदा वर्षांत नाही झाले.”

स्टेलानने गालाखालचं लाकूड थोपटलं. नळीला हात लावला. दहा गोळ्यांनंतर नळी चांगली तापते, बोट ठेववत नाही. ही गार होती. चांगलं पोलाद असेल, त्याला वाटलं. वाराही होता.

घरी आला तर आई टॉवेलांच्या घड्या घालत होती.

“ही तुझ्या आजोबांची नळी म्हणजे कमाल आहे,” ती म्हणाली. “सकाळी पिळून टाकले, अकरापर्यंत कडकडीत. चूल तर मी पेटवलीही नव्हती.”

घडीवर मध्यभागी एक फिकट तपकिरी पट्टा होता, इस्त्री विसरून राहिल्यासारखा.

त्याने रायफल साफ करायला घेतली. गजाला फडकं लावून नळीतून ओढलं. दहा गोळ्या झाडलेल्या नळीतून फडकं काळं निघतं. हे पांढरं निघालं. त्याने दुसरं घातलं. तेही पांढरं. त्याने दोन्ही फडकी बराच वेळ हातात धरली आणि मग डब्यात टाकली, कारण पांढऱ्या फडक्याबद्दल तक्रार कुणाकडे करणार?

३

तिसऱ्या की चौथ्या रविवारी त्याने, कशासाठी ते स्वतःलाही न सांगता, तोच गज भिंतीवरच्या नळीतून घातला. आई बाहेर कोंबड्यांपाशी होती. फडकं काळंकुट्ट निघालं, आणि ओलसर. वास ताजा होता. तो वास त्याला झोपेतही ओळखू आला असता.

जुनी घाण राहिली असेल, त्याने ठरवलं. सत्त्याहत्तर वर्षांची. त्याने फडकं पांढरं येईपर्यंत नळी घासली, तेल लावलं, हात धुतले.

पुढच्या रविवारी त्याने वीस गोळ्या झाडल्या. घरी येऊन फडकं घातलं. काळं.

मधल्या कुठल्याही वारी बघितलं तर पांढरं. त्याने सोमवारी बघितलं, बुधवारी बघितलं, शनिवारी रात्री झोपायच्या आधी बघितलं. पांढरं. मैदानावर तो गेला की काळं.

आईच्या खांद्याची तक्रार त्याच सुमाराला सुरू झाली. रविवारी सकाळी ती टेबलाच्या टोकाशी, खिडकीपाशी उभी राहून आठवड्याच्या पातळ भाकऱ्या लाटायची. रेडिओवर प्रवचन लावलेलं. उजवा खांदा बधिर होतो म्हणायला लागली. दुखत नाही, नुसता नसल्यासारखा वाटतो.

“कधीपासून?” स्टेलानने विचारलं.

“ईस्टर झाला तेव्हापासून असेल.”

“रोज?”

“रविवारी जास्त. लाटून लाटून होत असणार.”

डॉक्टरीणबाईंनी सुई टोचून बघितली. आई खिडकीबाहेर बघत होती, तिला टोचलेलं कळलंच नाही. नस दबली आहे, लाटणं बंद करा, असं निदान निघालं.

“बंद करशील ना?” घरी येताना स्टेलानने विचारलं.

आईने श्वास झटकन आत ओढला. उत्तरेकडे ‘हो’ असंच म्हणतात, शब्द न वापरता, ओठांतून जरासा वारा आत घेऊन. तिकडच्या माणसांची अख्खी लग्नं तेवढ्यावर लागतात.

बंद काही केलं नाही. पुढच्या रविवारी ती टेबलापाशी होतीच.

त्या संध्याकाळी स्टेलान नळीच्या मागच्या टोकाला डोळा लावून वाकला. आतून एक छोटं गोल भोक दिसत होतं, आणि भोकात टेबलाचं टोक, त्यावरची खिडकी आणि खिडकीच्या अलीकडची रिकामी जागा. ती जागा बरोबर आईच्या खांद्याच्या उंचीवर होती.

४

“आजोबा, त्या नळीत काजळी धरते,” त्याने तळघरात जाऊन सांगितलं.

“कुठल्या?”

“टॉवेलच्या.”

हाल्वारने कानस खाली ठेवली. “स्वयंपाकघरात चूल असते बाळा. चुलीला धूर असतो. शाळेत हे तरी शिकवलं होतं ना, का त्याच्या आधीच पळालास?”

“चुलीची नाही. दारूचा वास येतो.”

“मग तुझा बाप येऊन गेला असेल.” हाल्वार स्वतःच्याच विनोदावर हसला. स्टेलानचा बाप नऊ वर्षांपूर्वी बाटलीपायी घर सोडून गेला होता आणि म्हाताऱ्याला हा विनोद अजून पुरत होता.

“मी झाडतो तेव्हाच होतं. ह्या नव्या नळीत काही नसतं. हे बघ, पांढरं. आणि आईचा खांदा बरोबर तिच्या तोंडासमोर येतो.”

हाल्वारने त्याच्याकडे बघितलं. क्षणभर, अगदी क्षणभर, म्हाताऱ्याच्या तोंडातली तंबाखूची चिमूट हलायची थांबली. त्याला काहीतरी माहीत होतं की नुसता राग आला होता, हे स्टेलानला पुढे कधीच ठरवता आलं नाही. विचारून उपयोग नव्हता. ह्या माणसांना काही विचारलं की ती हवामानाबद्दल बोलतात.

“गुनेल माझी लेक आहे,” हाल्वार म्हणाला. “तुझ्याआधी माझी आहे. तिच्या भिंतीवर मी तिला अपाय होईल असं काही ठोकीन?”

“मी तसं म्हणालो नाही.”

“मग काय म्हणतोयस? गिरणीत बोललास हे कुणापाशी?”

“नाही.”

“बोलू नकोस. आधीच लोक म्हणतात पोरगं विचित्र आहे.” त्याने कानस उचलली. “पाऊस येणार आज.”

५

ह्या सगळ्याला काहीतरी साधं कारण असणार, असं स्टेलानला अजून वाटत होतं. म्हणून त्याने साधी परीक्षा ठरवली. आल्गोतला म्हणाला, माशी जरा डावीकडे वाटते, ह्या रविवारी माझ्या रायफलीने तू दहा झाड आणि सांग. बारा वाजता सुरू कर, सावकाश, मिनिटाला एक.

“आणि तू कुठे मरणार आहेस?” आल्गोतने विचारलं.

“घरी. काम आहे.”

“पोरगी असेल तर बंदुकीपेक्षा तीच बरी.”

रविवारी आई चर्चच्या कॉफीला जाणार होती. स्टेलानने खिडकी लावली, दार लावलं, चूल गार आहे बघितली. नळीवर एकच पातळ टॉवेल टाकला आणि दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा राहिला. टेबलावर आईने सकाळचं पीठ फडक्याखाली झाकून ठेवलं होतं. रेडिओने बाराचे ठोके दिले. त्याने तो बंद केला.

टॉवेलची खालची कड टेबलाच्या दिशेने उचलली गेली. विताएवढी. मग खाली आली.

त्याने सहा आकडे मोजले. मग तळ्यापलीकडून, लांबून, गोळीचा बोदा आवाज आला.

दोन किलोमीटर यायला आवाजाला सहा सेकंद लागतात. हे त्याला शाळेतच शिकवलं होतं. म्हणजे टॉवेल आवाजाने हलला नव्हता. आवाज निघाला त्या क्षणी हलला होता.

दुसरी. कड उचलली, सहा, आवाज. तिसरी. खोलीत दुसरं काही हललं नाही. गाळणी माशीवर शांत लटकत होती. समोरच्या खिडकीची काच धड होती. तिथे भोक नव्हतं, तडा नव्हता, पलीकडे कुंपणावर एक चिमणी बसली होती ती बसूनच राहिली. स्टेलानला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. आपण कुणीतरी सांगितलेलं ऐकतो आहोत, असं वाटत राहिलं.

आणि मागच्या कोठारातून आई आली. एका हातात पिठाचं भांडं, दुसऱ्या हातात खाचांचं लाटणं.

“तू गेली नाहीस?”

“कॉफीपेक्षा भाकऱ्या महत्त्वाच्या.” ती टेबलाच्या टोकाशी जाऊन उभी राहिली आणि तिने पीठ भुरभुरलं. “दार का लावलंयस?”

“आई, तिथे नको उभी राहूस.”

“का रे?”

टॉवेल उचलला गेला.

तिच्या हातातलं लाटणं सुटून जमिनीवर पडलं आणि गडगडत चुलीखाली गेलं. आईने खाली बघितलं नाही. तिचा उजवा हात टेबलावर पुढे गेला, मागे आला, पुढे गेला, मूठ अर्धी वळलेली. ती लाटत होती. हाताखाली गोळा तसाच होता.

सहा. आवाज.

“पीठ आज ऐकतच नाही,” ती म्हणाली.

स्टेलानने तिला कमरेला धरून बाजूला ओढलं, दोघं बाकावर कोसळली. तिने भुरभुरलेलं पीठ अजून हवेत तरंगत होतं, खिडकीच्या उन्हात. पाचव्या वेळी त्याने ते बघितलं. त्या धुरळ्यात एक रेघ होती. करंगळीएवढी, सरळ, स्वच्छ, जिच्यात पीठ नव्हतं. नळीच्या तोंडापासून निघून, आई आत्ता जिथे उभी होती तिथून, काचेपर्यंत. क्षणभर होती. मग पीठ दोन्ही बाजूंनी हळूच आत आलं आणि रेघ बुजली.

“काय झालं काय तुला?” आई विचारत होती. ती डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवत होती, दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसा.

६

नळी त्याने त्याच दुपारी काढली. आईला म्हणाला, खुंट्या ढिल्या झाल्यात. काढताना ती कोमट होती. मागच्या लाकडाच्या शेडमध्ये, टेकडीच्या पोटात घुसलेल्या भिंतीशी, तोंड मातीकडे करून त्याने ती ठेवली आणि वर सरपण रचलं. पलीकडे साठ मीटर नुसता डोंगर. कुणी राहत नाही.

इथे कुणी म्हणेल, रायफलच ठेवून द्यायची होती. म्हणणाऱ्याने वीस वर्षांचं व्हावं, गिरणीत फळ्या रचाव्यात, आणि मग आयुष्यात पहिल्यांदा जिल्ह्याच्या निवडचाचणीचं पत्र हातात धरावं. जूनमध्ये, जिल्ह्याच्या ठिकाणी, ऑस्टरसुंडला. चाळीस गोळ्या, पहिले चार जण संघात.

आईच्या हातात काही परत आलं नाही. पण वाढलंही नाही. सहा आठवडे तो झाडत राहिला आणि वाढलं नाही, ह्याचा अर्थ डोंगर पुरेसा होता. ती आता टेबलाच्या टोकाशी खुर्चीत बसून डाव्या हाताने शब्दकोडी सोडवायची. अक्षरं वेडीवाकडी, उत्तरं बरोबर.

एकच कुरकुर होती. “टॉवेल वाळत नाहीत,” ती म्हणायची. “ओलाच वास येतो. ती नळी काय केलीस?”

“देतो बघून.”

“बाबांना सांगू का?”

“आजोबांना काही सांगू नकोस,” स्टेलान म्हणाला.

चाचणीच्या दिवशी तो पहाटेच्या बसने गेला. पहिल्या दहात अठ्ठ्याण्णव, दुसऱ्या दहात नव्व्याण्णव, तिसऱ्या दहात शंभर. शेजारचे नेमबाज मागे येऊन उभे राहायला लागले. एकाने त्याच्या नळीला हात लावला आणि म्हणाला, “गार आहे रे ही!” स्टेलान उठला आणि कॅंटीनच्या टेलिफोनपाशी गेला. खिशात एकच नाणं होतं.

बऱ्याच वेळाने आईने उचलला. घरात फोन खिडकीपाशी, तिच्या खुर्चीच्या मागे भिंतीवर असतो.

“बरी आहेस?”

“बरी आहे. बाबा आलेत. पेटी घेऊन.”

“कसली पेटी?”

“हत्यारांची. शेडमध्ये गेले होते. किती प्रेमळ आहेत बघ, म्हणतात, गुनेल, तुझा हात वर जात नाही ना, मग मी खाली लावून देतो. बसल्या बसल्या पोचेल अशी.”

तिच्या मागे ठोकल्याचा आवाज येत होता.

“आई, ऐक. त्यांना थांबव. नळी लावू देऊ नकोस. आणि तू तिथून ऊठ, बाहेर जाऊन बस. सांगशील त्यांना? उठशील?”

पलीकडे ओठांतून श्वास झटकन आत ओढला गेला.

तेवढ्यात नाणं संपलं आणि फोन बंद झाला.

हो म्हणाली. तो रिसीव्हर हातात धरून उभा होता. हो म्हणाली. श्वास आत ओढला म्हणजे हो. लहानपणापासून त्याने तो दहा हजार वेळा ऐकला होता. बाहेर कर्ण्यावरून त्याचा क्रमांक पुकारला, सातवी जागा, शेवटच्या दहा, दोन मिनिटांत. कॅंटीनवाल्या बाईकडे आणखी एक नाणं मागता आलं असतं. ती पाठ करून कॉफीचे पेले धूत होती. तो तिच्या पाठीकडे बघत राहिला. मग परत पुकारा झाला.

तो गेला, पालथा पडला, गाल लाकडाला टेकवला. नेम कधी नव्हता इतका स्थिर होता. त्याने दहा गोळ्या झाडल्या आणि लाल चकती दहाही वेळा एकाच ठिकाणी आली.

७

संध्याकाळच्या बसने तो परतला. हाल्वार स्वयंपाकघरातल्या बाकावर बसून कॉफी पीत होता. भिंतीवर नळी होती, पूर्वीपेक्षा पाऊण हात खाली, पातळीने तपासून बसवलेली, केसभरही तिरकी नाही. तिच्यावर चार टॉवेल होते. चारही कोरडे.

“कसं झालं?” हाल्वारने विचारलं.

“आई काय करतेय?”

“बसलीय की. दुपारपासून गप्प आहे. डोळे उघडे ठेवून झोपते म्हणतात काही बायका.”

आई खुर्चीत ताठ बसली होती. समोर शब्दकोडं, बोटांत पेन्सिल. शेवटचा शब्द अर्धा लिहिला होता आणि पुढे पेन्सिलची रेघ कागदावरून घसरून टेबलाच्या लाकडापर्यंत गेली होती. नळीचं तोंड तिच्या उजव्या कानापासून हातभर अंतरावर होतं.

“तिने तुला थांब म्हणून नाही सांगितलं?”

“कुणी?”

“आईने. फोन आल्यावर.”

“नाही रे. फोन कानाशी होता, उजवा हात उचलायला गेली, कळ आल्यासारखा श्वास आत ओढला दोन-तीनदा, फोन टांगला आणि बसली.” हाल्वारने पेला खाली ठेवला. “काय झालंय? तू असा का बघतोयस? अरे, आता पोचतो तिचा हात. बघ की. गुनेल, दाखव त्याला.”

आईने मान वळवली. आधी हाल्वारकडे बघितलं, मग स्टेलानकडे. दोघांकडे सारख्याच नजरेने, बस थांब्यावरच्या माणसांकडे बघावं तशी.

“तुम्ही टॉवेल न्यायला आलात का?” तिने विचारलं.

हाल्वार त्या दिवसानंतर तळघरात गेला नाही, ह्याचं गावाला फार वाईट वाटलं. दुपारी तो आल्गोतच्या पायरीवर बसतो आणि पावसाबद्दल बोलतो. नळी स्टेलानने करवतीने नऊ तुकडे करून तळ्यात टाकली. रायफल मंडळाच्या कपाटात आहे. तिला तो हात लावत नाही. जिल्ह्याच्या संघाचं पत्र आलं, त्याला त्याने उत्तर दिलं नाही. त्याच्या जागी पाचवा माणूस गेला.

गुनेल आता चर्चमागच्या शुश्रूषागृहात असते. जेवते, चालते, हसतेही. कागदपत्रं भरताना नर्सने विचारलं, मुलंबाळं? तिने थोडा विचार केला आणि सभ्यपणे नाही म्हणाली. स्टेलान शेजारच्या खुर्चीत बसला होता. नर्सने त्याच्याकडे बघून रकाना मोकळा सोडला.

डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही. दोन वर्षं झाली, आलेलं नाही. चाळीस गोळ्यांतल्या शेवटच्या दहा, तेवढ्यात त्याची आई गेली.